मोठी पाच मिनिटं की छोटी? शाळेच्या व्यवस्थापनाला एका बापाचं खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापिका, व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि सहावीला शिकवणारे सर्व शिक्षक

विषय : 'वेळेची शिस्त' या परिपत्रकाबाबत

स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी मुलाच्या डायरीत तुमचं परिपत्रक चिकटवलेलं आलं. उशिरा येणं, गृहपाठ अपुरा असणं, वही विसरणं, वर्गातलं काम दिलेल्या वेळेत न संपणं, यातल्या प्रत्येक गोष्टीला डायरीत लाल शेरा. आठवड्यात तीन शेरे झाले की शुक्रवारचा खेळाचा तास बंद, त्या वेळात वर्गात बसून राहिलेलं काम पुरं करायचं. शिवाय 'लक्ष विचलित करणारी वैयक्तिक साधने' वर्गात आणायला मनाई. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ आहे. ती रेघ मी रिकामी ठेवली आहे. का, ते सांगायला हे पत्र.

पत्र खुलं आहे, कारण पालकसभेत मला यावर बोलायला तीन मिनिटं मिळाली आणि ती मी प्रस्तावनेतच घालवली. (वेळेचं गणित आमच्या घरात एकट्या मुलाचंच चुकत नाही. मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी मेंदूच्या वाढीतली अडचण, आणि ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. निदानाचा अहवाल मुलाच्या नावाचा असला तरी तो वाचताना मला माझं प्रगतिपुस्तक आठवत होतं.) सभा संपल्यावर चार पालकांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "आमच्याकडेही हेच आहे हो." चौघंही दबक्या आवाजात बोलले. तो दबका आवाज मला सभेपेक्षा जास्त लागला.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला एडीएचडी आहे, हे शाळेला दोन वर्षांपासून माहीत आहे. तज्ज्ञांचा अहवाल तुमच्याकडच्या फाइलीत आहे. पण अहवालात सकाळ कशी दिसते ते लिहिलेलं नसतं, म्हणून एक सकाळ सांगतो.

सात वाजून दहा मिनिटं. मी म्हणतो, "पाच मिनिटं आहेत, बूट घाल." दोन मिनिटांनी बघतो तर एका पायात मोजा आहे आणि दुसरा मोजा हातात चढवून हा त्याची आतली शिवण बघतोय. मी आवाज चढवतो. तो दचकतो आणि अगदी मनापासून विचारतो, "बाबा, मोठी पाच मिनिटं की छोटी?"

मी तेव्हा चिडलो होतो. उर्मटपणा वाटला मला तो. त्या दिवशी बस गेलीच आणि मी दिवसभर धुमसत राहिलो. रात्री कधीतरी डोक्यात प्रकाश पडला की प्रश्न खरा आहे. मीच "दोन मिनिटं थांब" म्हणतो तेव्हा अर्धा तास लावतो, आणि "पाच मिनिटांत निघायचंय" म्हणतो तेव्हा तीनच मिनिटं उरलेली असतात. इतर मुलं हे सगळं ऐकूनही आत कुठेतरी एक घड्याळ जुळवून घेतात. याचं आतलं घड्याळ जुळत नाही. त्याच्याकडे वेळ दोनच प्रकारची असते : 'आत्ता' आणि 'मग'. प्रकल्प तीन आठवड्यांनी द्यायचा असेल तर तो 'मग' मध्ये जातो आणि आदल्या रात्री साडेनऊला एकदम 'आत्ता' मध्ये येऊन आदळतो.

त्यानंतर एका सकाळी मी स्वतःचं "लवकर कर" मोजलं. सतरा वेळा. सतरा वेळा सांगूनही त्यातून त्याला एकही माहिती मिळाली नव्हती : किती उरलंय, आधी काय, मग काय.

आता परिपत्रकाकडे येतो. त्यात 'बेफिकिरी' हा शब्द दोनदा आहे आणि 'आळस' एकदा. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. वैद्यकीय इतिहासात ती आजही आठवली जातात. त्यांनी या मुलांच्या अडचणीला 'नैतिक नियंत्रणातली उणीव' म्हटलं होतं. १९०२ साली ते चालून गेलं. त्यानंतर वैद्यकशास्त्राने ती भाषा टाकली. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनची निदानपुस्तिका, डीएसएम-५, २०१३ साली आली. तिच्यात अवधानाच्या लक्षणांमध्ये कामांची आखणी न जमणं हे एक लक्षण आहे आणि त्याच्या उदाहरणांत वेळेचं नियोजन कच्चं असणं, मुदती न पाळल्या जाणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे ज्या गोष्टीवरून डॉक्टर निदान करतात, त्याच गोष्टीला तुम्ही लाल शेरा देणार. आठवड्यात तीनदा.

"पण मोठा झालाय आता तो," असं मला सभेत ऐकवलं गेलं. वयाने झालाय. २००७ साली फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ मुलांच्या आणि तेवढ्याच इतर मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. मेंदूचं बाह्यपटल वाढत्या वयात आधी जाड होत जातं आणि मग पातळ होऊ लागतं. त्यातले निम्मे भाग पूर्ण जाडीला पोहोचण्याचं मध्यक वय इतर मुलांमध्ये साडेसात वर्षं होतं आणि एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहा. सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात दिसला. आखणी करणं, थांबणं, पुढचं धरून चालणं ही कामं मुख्यतः तोच भाग सांभाळतो. मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली पालकांना एक ढोबळ हिशेब देतात : स्वतःला आवरण्या-सावरण्याच्या बाबतीत हे मूल वयापेक्षा साधारण ३० टक्के मागे आहे असं धरून चाला. आडाखाच आहे तो, मोजमाप नव्हे. पण त्या आडाख्याने माझा अकरा वर्षांचा मुलगा या एका बाबतीत सात-आठ वर्षांचा होतो. दुसरीतल्या मुलाच्या हातात तुम्ही सहावीची डायरी द्याल का?

माझी पहिली तक्रार शिक्षेच्या अंतराची आहे. सोमवारी वही विसरली, त्याचा हिशेब शुक्रवारी. या मुलांवर लगेच मिळणाऱ्या फळाचा परिणाम होतो, लांबच्या फळाचा फारसा होत नाही. हे त्यांच्या अडचणीचं मूळच आहे. शुक्रवारी तो वर्गात बसलेला असतो तेव्हा सोमवारची वही त्याच्या लेखी मागच्या जन्मातली असते. त्याच्या लक्षात एवढंच राहतं की बाहेर मुलं पळत होती आणि आपण आत होतो.

दुसरी त्या खेळाच्या तासाचीच. ज्या मुलाचं अंग हलल्याशिवाय डोकं जागेवर येत नाही, त्याचंच हलणं तुम्ही काढून घेताय. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं आहे की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलांची मधली सुट्टी काढून घेऊ नये. ते मधल्या सुट्टीबद्दल आहे, खेळाच्या तासाबद्दल नाही, असा तांत्रिक मुद्दा कोणी काढेल. काढावा. मुलाच्या पायांना तो फरक कळत नाही. आणि एक साधी गोष्ट : शुक्रवारी खेळाच्या तासानंतर विज्ञानाची तासिका असते. ती घेणाऱ्या बाईंनाच विचारा, कोणता मुलगा बरा, खेळून आलेला की चाळीस मिनिटं बसवून ठेवलेला.

तिसरी तक्रार त्या 'वैयक्तिक साधनां'ची. यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण ज्याला तुम्ही साधन म्हणता तो माझ्या मुलाचा तळहाताएवढा टायमर आहे. त्याच्यावर एक लाल चकती असते. वीस मिनिटं लावली की तेवढा भाग लाल दिसतो आणि मिनिटागणिक तो लाल तुकडा बारीक होत जातो. आकडा वाचावा लागत नाही. 'किती उरलं' हे डोळ्यांना दिसतं. त्याला आवाज नाही. टिकटिकीचा एखाद्या मुलाला त्रास होऊ शकतो, हे मान्य, म्हणून मुद्दाम बिनआवाजाचा घेतला. पहिल्या आठवड्यात शेजारची मुलं वळून बघत होती हेही खरं आहे. तिसऱ्या आठवड्यात कोणी बघत नव्हतं.

आपल्या भाषेत 'घटका भरली' असं म्हणतात. बुडाला बारीक भोक असलेलं भांडं पाण्यात सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं, संपली. वेळ भरताना दिसायची. आता ती मनगटावर आणि मोबाइलमध्ये आकडा होऊन बसली आहे, आणि ज्याला आकड्यावरून लांबी जाणवत नाही त्याच्या हातातलं भांडं आपण काढून घेतोय. जाता जाता : सहावीच्या वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ मागच्या भिंतीवर, दाराच्या वर आहे. ते फक्त फळ्याजवळ उभं राहणाऱ्याला दिसतं. मुलांना बघायचं तर मान वळवावी लागते, आणि मान वळवली की शेरा.

चौथी तक्रार खरं तर या सगळ्याच्या मुळाशी आहे. शाळेने वेळ सांभाळायला शिकवलेलं नाही आणि तरी ती परीक्षा घेते आहे. तुम्ही म्हणाल, शिकवलं की, गेल्या महिन्यात सभागृहात वेळेच्या नियोजनावर तासभर कार्यशाळा झाली. झाली. घरी आल्यावर मी विचारलं, काय सांगितलं? "खुर्च्या फिरत्या होत्या." बाकी? बराच विचार करून, "वेळ वाया घालवू नका." पोहायचं कसं यावर कोरड्या सभागृहात व्याख्यान दिल्यासारखं होतं ते. या मुलांना 'काय करायचं' हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. अडतं ते करायच्या क्षणी, करायच्या जागी. शिकवणंही तिथेच व्हावं लागतं : घंटा होताना दप्तरापाशी, वर्गपाठ सुरू होताना बाकावर.

आणि ते जमतं. मागच्या वर्षीच्या वर्गशिक्षिका दर सोमवारी पहिली दहा मिनिटं मुलांकडून आठवड्याची आखणी करून घेत. यंदा 'अभ्यासक्रम पुरा होत नाही' म्हणून ती दहा मिनिटं बंद झाली. त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही घरी एक अंदाजवही सुरू केली होती. तीन रकाने : काम, अंदाज, खरे. पहिलं पान माझ्यासमोर आहे. बूट-मोजे : अंदाज १०, खरे ३. दप्तर भरणे : अंदाज १, खरे १४. दहा गणितं : अंदाजाच्या रकान्यात 'रात्रभर' असं लिहिलंय, खरे २२. निबंध : अंदाज ५, खरे ५५.

हे पान बघून मी गप्प झालो. गणिताला बसताना तो रडायचा, टाळायचा, त्याला आम्ही आळस म्हणत होतो. ज्याला समोर आख्खी रात्र दिसतेय तो बसेल कसा? आणि निबंध पाच मिनिटांचाच वाटत असेल तर तो झोपायच्या आधी करायला ठेवणं हा त्याच्या हिशेबाने शहाणपणाच होता. हिशेब बरोबर होता, माप चुकीचं होतं. वेळेचा अंदाज बांधताना एडीएचडी असलेली मुलं सरासरीने जास्त चुकतात, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. पण आमच्या घरात ते दिसायला ती वही लागली.

तीन महिन्यांनंतरचं पान : दप्तर, अंदाज ८, खरे ९. त्या नवाला त्याने लाल पेनाने दोनदा गोल केला आहे. त्याच्या वहीतली लाल शाई त्याने स्वतः वापरल्याची ती पहिली वेळ असावी.

त्या काळात आम्ही आणखी दोनच गोष्टी केल्या. एक, उलटं मोजणं : बस साडेसातला, त्याआधी बूट, त्याआधी दप्तर, म्हणून उठायचं कधी, हे त्याच्याकडूनच मागे मागे जात काढून घेतलं. दुसरी, जर-तरची वाक्यं. 'घंटा झाली, तर आधी डायरी, मग पाण्याची बाटली.' पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांचं अशा जर-तर योजनांवर मोठं काम आहे आणि एडीएचडी असलेल्या मुलांबरोबरही त्या करून पाहिल्या गेल्या आहेत. 'नीट वाग' पेक्षा ते फार सोपं पडतं, कारण त्यात सुरुवात कुठून करायची हे असतं.

घरचा अनुभव पुरावा होत नाही, हे कबूल. मग हा घ्या. २०१३ साली हॉवर्ड अबिकॉफ आणि सहकाऱ्यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिसरी ते पाचवीतली, एडीएचडी असलेली १५८ मुलं. एका गटाला दहा आठवड्यांत वीस बैठकांमधून वस्तू नीट ठेवणं, काम नोंदवणं, वेळ आखणं ही कौशल्यं शिकवली. दुसऱ्या गटात मुलांना काही शिकवलं नाही. पालकांना आणि शिक्षकांना मात्र शिकवलं की ठरलेलं काम झालं की लगेच दाद कशी द्यायची. तिसरा गट नुसता थांबला. पहिल्या दोन्ही गटांत स्पष्ट सुधारणा दिसली, आणि बरीचशी पुढच्या शालेय वर्षातही टिकली. मला यातलं दुसऱ्या गटाचं फार कौतुक वाटतं. म्हणजे शिकवायला अगदीच वेळ नसेल तर निदान झालेल्या कामाची दखल घ्या, तेवढ्यानेही बरंच होतं. तुमच्या परिपत्रकात न झालेल्या कामासाठी चार कलमं आहेत. झालेल्या कामासाठी एकही नाही.

अजून दोन गोष्टी, थोडक्यात. "औषध सुरू करा म्हणजे हे सगळं मिटेल," असा सल्ला कार्यालयात कोणी दिला. औषधाचा निर्णय आमचा आणि डॉक्टरांचा आहे. त्याने लक्ष टिकायला मदत होते, पण आठवडा कसा आखायचा हे कोणतीही गोळी शिकवत नाही. आणि वर्गात ज्या मुली न हलता, न बोलता खिडकीबाहेर बघत मागे पडतात, त्यांच्याकडेही याच नजरेने एकदा बघा. त्यांचा गोंगाट नसतो म्हणून त्यांचं निदान बऱ्याचदा उशिरा होतं किंवा होतच नाही, पण लाल शेरे मात्र त्यांनाही वेळेवर मिळतात.

'सगळ्यांना एकच नियम' आणि 'बाहेरच्या जगात कोण थांबणार' या दोन्ही वाक्यांमागची काळजी मला कळते. एका वर्गात चाळीस मुलं सांभाळणं काय असतं, याची मला कल्पना करता येते, अनुभव नाही. पण बाहेरच्या जगात मोठी माणसं मोबाइलला गजर लावतात, कॅलेंडर ठेवतात, टेबलावर चिठ्ठ्या चिकटवतात आणि बैठकीच्या आदल्या दिवशी आठवणीचा संदेश मागवतात. त्यांना कोणी बेफिकीर म्हणत नाही.

म्हणून माझ्या मागण्या :

खेळाचा तास आणि मधली सुट्टी कोणत्याही शेऱ्याशी जोडू नये. हे कलम येत्या शुक्रवारआधी मागे घ्यावं. बाकीच्यांवर चर्चा करता येईल, याच्यावर नाही.

ज्या मुलांच्या फाइलीत अहवाल आहे त्यांना बिनआवाजाचा टायमर बाकावर ठेवू द्यावा. आणि भिंतीवरचं घड्याळ समोर लावावं. त्याला एक खिळा लागेल. खिळा आणि हातोडी घेऊन मी स्वतः यायला तयार आहे.

गृहपाठ घंटा वाजताना तोंडी सांगू नये. घंटेच्या दहा मिनिटं आधी फळ्यावर लिहावा, आणि शेजारी 'साधारण किती मिनिटं' हेही लिहावं. हे चाळीसच्या चाळीस मुलांच्या कामाला येईल.

दोन आठवड्यांपेक्षा लांब मुदतीचा प्रकल्प तुकड्यांत मागावा : विषय या तारखेला, कच्चं लेखन त्या तारखेला, चित्रं पुढच्या सोमवारी.

सोमवारची दहा मिनिटं परत सुरू करावीत. आठवड्याची दहा. अभ्यासक्रम त्यामुळे अडणार नाही. उलट वही शोधण्यात, विचारण्यात आणि रागावण्यात रोज किती मिनिटं जातात, ते एक आठवडा नोंदवून पाहावं.

आणि डायरीत वर्तन लिहावं, स्वभाव लिहू नये. 'विज्ञानाची वही आणली नाही' हे मला चालेल. त्यावर मी संध्याकाळी काहीतरी करू शकतो. 'बेफिकीर आहे' यावर मी काय करू?

या मागण्यांवर बसून बोलण्यासाठी शिक्षक, पालक आणि शाळेच्या समुपदेशक यांची बैठक या महिन्याच्या आत बोलवावी, ही विनंती. जिन्यात भेटलेल्या त्या चौघांना मी बरोबर आणेन. तोपर्यंत सहीची रेघ रिकामीच राहील. त्याबद्दल मुलाला शेरा देऊ नये. सही माझी राहिली आहे.

आपला,
इयत्ता सहावीतल्या एका मुलाचा बाप

ता. क. : हे पत्र लिहायला बसलो तेव्हा मुलाने अंदाजवही पुढे सरकवली. मी 'अंदाज : ३०' लिहिलं. खरे २७० झाले. त्याने काही न बोलता त्याला गोल केला.